मलकाबाईंचा स्वेटर

भर उन्हाळ्यात लोकरीचा स्वेटर घालून हिंडणारी बाई अख्ख्या पनवेलमध्ये एकच होती. गर्द हिरवा, कोपरांवर विटलेला, गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर. एप्रिलमध्ये खाडीवरून चिकट हवा यायची, फळ्यापाशी उभं राहिलं की सदरा पाठीला चिकटायचा, आणि मलकाबाई वर्गात शिरता शिरता म्हणायच्या, "ती खिडकी लाव रे. वारा बोचतोय." वारा नेमका कुठे आहे, हे वर्गातल्या कोणालाच सापडायचं नाही. मुलं म्हणत, मे महिन्याची सुट्टी सगळ्या शाळेला मिळते, बाईंच्या स्वेटरला मिळत नाही.

मी आज त्यांच्याविषयी लिहायला बसलो ते या स्वेटरमुळेच. तो सगळ्या गावाने वर्षानुवर्षं पाहिला आणि त्याचं कारण कोणी विचारलं नाही. गंमत अशी की मलकाबाईंनी मात्र आम्हाला कारण विचारण्यावाचून दुसरं काही शिकवलं नव्हतं. त्या शास्त्र शिकवायच्या आणि कोणी काही ठासून सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असे, "पाहिलंस की ऐकलंस?"

एकदा मी वर्गात म्हणालो होतो, पौर्णिमेला खाडीचं पाणी चढतं.

"पाहिलंस की ऐकलंस?"

"पायलंय बाई. आमच्या पडवीत येतं."

वर्ग माझ्या बोलण्याला हसला. बाई हसल्या नाहीत. "याने पाहिलंय," त्या वर्गाला म्हणाल्या. "तुम्ही पुस्तकात वाचलंय. आता सांगा, यातला कोण हसण्यासारखा?" त्यानंतर मी वर्गात तोंड उघडायला घाबरलो नाही.

मलकाबाई बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. बाईंच्या वडिलांचाही घाणा होता. तो पुढे बंद पडला, पण बाईंच्या तोंडी तो शेवटपर्यंत चालूच होता. शनिवारी त्या शाळेत येत नसत, बुधवारी संध्याकाळी जादा तास घेऊन ते काम भरून काढीत. लग्न केलेलं नव्हतं. धाकटी बहीण दीनाबाई आणि त्या, अशा दोघी बाजाराच्या मागच्या आळीत राहत. स्वेटर दीनाबाईंनीच विणलेला.

माझं गाव उरणच्या वाटेवरचं, मिठागरांचं. मिठाचा हंगाम लागला की आमच्याकडची मुलं शाळेतून नाहीशी होत. सातवीत मीही झालो. मास्तर लोक हजेरीत गैरहजेरी मांडून मोकळे होत. बाई मात्र एका दुपारी मिठागराच्या बांधावरून चालत आल्या, चपला हातात घेऊन, झपझप. त्या काळी त्यांची चाल अशी होती की बरोबरच्या माणसाला धावावं लागे.

"बाय, उन्हात कशाला आल्या तुमी?" आई म्हणाली. "मास्तर लोक हिकडं येत नाय."

"म्हणून मी आले."

बाबांनी फावडं थांबवलं नाही. "पोरगा हाताशी नाय तर मीठ कोन वढील?"

"तुम्ही ओढा. मीठ पुढल्या वर्षी पुन्हा पिकेल. याचं हे वर्ष पुन्हा पिकणार नाही."

"शिकून काय करनार त्यो?"

"ते मलाही ठाऊक नाही. पाहिलेलं नाही अजून. आपण दोघं मिळून बघू."

बाबांनी फावडं बांधाला टेकवलं. मग म्हणाले, "सोमवारी पाठवतो." आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून माझा सत्कार झाला, त्या दिवशी हे बोलणं मी भाषणात सांगितलं. बाबा खाली बसून मान हलवत होते.

बी.एस्सी. होऊन मी त्याच शाळेत शिक्षक म्हणून परत आलो, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या सभांनी गाव गजबजलेलं होतं. आणि बाई बदलल्या होत्या. चेहरा सुजल्यासारखा, भुवयांची बाहेरची टोकं विरळ. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज जाडसर, घोगरा झालेला, शब्द ओढून ओढून यायचे. चालणं तर असं, की जणू गुडघाभर पाण्यातून चालतायत. आळीतल्या बायका म्हणत, मलकाबाई अंगाने भरल्या. हेडमास्तर म्हणत, वय झालं. बाई स्वतः म्हणत, "थंडी वाजते, एवढंच."

शास्त्राची खोली वरच्या मजल्यावर होती. जिना चढताना बाई मधल्या चौकात थांबायच्या आणि खिडकीतून बंदराकडे बघत राहायच्या. मला वाटे, होड्या बघतात. एकदा मी मागून चढत होतो. त्यांचा एक हात खिडकीच्या गजावर होता आणि दुसरा छातीवर.

"बाई, दुखतंय का?"

"होड्या मोजतेय," त्या म्हणाल्या. "तू वर जा."

त्या जुलैत त्यांना मुंबईच्या हृदयाच्या एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. दीनाबाई आणि मी बरोबर होतो. पनवेलला अजून रेल्वे आली नव्हती, एस.टी.ने गेलो. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या आणि रक्तात कोलेस्टेरॉल फार वाढलेलं होतं. हा शब्द आम्ही तिघांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. डॉक्टर म्हणाले, ही रक्तातली चरबी, तीच वाहिन्यांत साचते.

"घरचा धंदा काय?" त्यांनी विचारलं.

"वडिलांचा तेलाचा घाणा होता."

"मग झालं," डॉक्टर म्हणाले आणि लिहायला लागले. तेल बंद, तूप बंद, नारळ बंद, अंडी बंद, जिना बंद, नोकरी बंद.

आजाराचा सगळा निकाल त्या दोन शब्दांत लागला. बातमी आमच्या आधी पनवेलला पोचली असावी, कारण दुसऱ्या दिवशी शाळेतला शिपाईसुद्धा म्हणाला, "तेल्याच्या घरचं खाणं, दुसरं काय होणार?" त्या घरात घाणा बंद होऊन किती काळ लोटला होता, दोघी बहिणींच्या स्वयंपाकात तेलाची एक बुधली किती दिवस पुरायची, हे कोणी पाहिलेलं नव्हतं.

हेडमास्तर माणूस वाईट नव्हते, पण त्यांना शाळा सुरळीत हवी होती. त्यांनी बाईंना बोलावून सांगितलं, संचालक मंडळाचं म्हणणं आहे की येत्या जूनपर्यंत प्रकृती सुधारली आणि मुंबईच्या डॉक्टरांनी शिकवायला हरकत नाही असं सांगितलं, तर ठीक. नाहीतर निवृत्ती घ्यावी.

"म्हणजे मी गेले असं धरून चाललाय," बाई म्हणाल्या.

"तसं नाही बाई. तुमच्या जिवासाठीच. तुम्हाला जिना झेपत नाही."

"जिना झेपत नाही, शिकवणं झेपतं. दोन्ही एकच कधीपासून झालं?"

तोवर त्यांनी खालच्या मजल्यावर पाचवी-सहावीचे वर्ग घ्यावेत असं ठरलं. वरचे तास मला मिळाले. मोकळा तास असला की त्या एकेक पायरी करत वर येत, जिना बंद असताना, आणि माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसत. मी ऑक्सिजन तयार करून दाखवत होतो, तेव्हा मागून घोगरा आवाज आला, "म्हात्रेमास्तर, नळी बाजूला सरळ धरलीत तर मुलांना बुडबुडे दिसतील. आत्ता त्यांना तुमची पाठ दिसतेय." मुलं खूश झाली. मीही नळी सरळ धरली.

पथ्य मात्र बाईंनी असं पाळलं की दीनाबाईंना रडू यायचं. "डॉक्टर म्हणतात तेल. ठीक आहे. बाकी सगळं तसंच ठेवायचं, एकच गोष्ट बदलायची, आणि काय होतं ते बघायचं," बाई म्हणाल्या. प्रयोगशाळेत हेच शिकवत आल्या होत्या. उकडलेली भाजी, कोरडी भाकरी, पाण्यात शिजवलेला मासा. त्यांच्यात आश्विनाच्या सुमाराला नवं वर्ष लागतं, त्यानंतर खिरीचा सण येतो, नव्या तांदळाची नारळाच्या रसातली खीर होते. त्या वर्षी मला बोलावलं होतं. दीनाबाईंनी आम्हाला खीर वाढली आणि ताईच्या वाटीत पाण्यात शिजवलेला गोड भात. बाईंनी वाटी संपवली.

"कशी आहे?" दीनाबाईंनी विचारलं.

"भिंतीला लावायच्या खळीसारखी. अजून थोडी वाढ."

सणानंतर पुन्हा मुंबईला गेलो. पुन्हा रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल उतरलं तर नव्हतंच, थोडं चढलं होतं. डॉक्टरांनी चष्मा काढून बाईंकडे पाहिलं. "तुम्ही चोरून खाता," ते म्हणाले.

बाई खुर्चीत सरळ बसल्या. त्यांचं बोलणं तेव्हा तसंही उशिराच येत असे.

"मी शास्त्र शिकवते, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "प्रयोगाचं उत्तर आपल्या मनासारखं आलं नाही, तर मुलाला खोटारडा म्हणायचं नसतं. आपलं गृहीतक तपासायचं असतं. तुम्ही मला खाताना पाहिलंत की ऐकलंत?"

डॉक्टर हसले आणि दाराकडे बघून पुढच्या रोग्याचं नाव घेतलं.

एस.टी.त दीनाबाई रडत होत्या. बाई खिडकी लावून, स्वेटरचं वरचं बटण घट्ट करून बसल्या होत्या. पनवेलला उतरल्यावर घरी न जाता त्या तडक बंदराच्या रस्त्यावरच्या डॉ. मुकादमांच्या दवाखान्यात शिरल्या. मुकादम कोकणी मुसलमान, तिशीतले, मुंबईत शिकून नुकतेच गावी आलेले. गर्दी फारशी नसायची.

"मला औषध नकोय," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "मला साक्षीदार हवाय. महिनाभर तुमच्या समोर जेवते. मग रक्त तपासा आणि मुंबईला कळवा की मी चोर नाही."

"बाई, आधी पाणी घ्या. तकलीफ काय, ते तर सांगा." ऑक्टोबरचा उकाडा होता. मुकादम घामाने निथळत होते, डोक्यावर पंखा गरगरत होता.

"सांगते. तो पंखा आधी बंद कराल का? गारठलेय मी."

मुकादम पंख्याचं बटण बंद करायला उठले आणि हात बटणावर असतानाच वळून त्यांच्याकडे बघत राहिले. स्वेटरकडे, मग चेहऱ्याकडे, मग भुवयांकडे. "असा आवाज पहिल्यापासून?" दीनाबाई म्हणाल्या, नाही हो, ताई गायची. "थंडी किती वर्षं वाजते? केस गळतात? झोप फार येते?" प्रत्येकाला हो. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट सांगितली. खुर्चीवर गुडघे टेकून, पाठमोरं, पावलं मोकळी सोडून बसायला.

"ही तर आमच्या शाळेतली शिक्षा," बाई म्हणाल्या, पण बसल्या.

मुकादमांनी लहान हातोडीने टाचेच्या वरच्या शिरेवर टकटक केलं. पाऊल चटकन हललं. आणि मग, मी उभा राहून बघत होतो, ते परत जागेवर आलं सावकाश, कंटाळलेल्या माणसासारखं. त्यांनी दुसऱ्या पायावर केलं. तसंच.

"बाई, तुमच्या गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते," मुकादम म्हणाले. "ती मंद पडलीय."

"मला गलगंड नाही."

"गाठ नसतानाही मंद पडते. ती मंद झाली की सगळं शरीर मंद होतं. आवाज, चाल, पोट. आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल शरीर हवं तसं काढून टाकत नाही, ते साचत जातं. तुम्ही तेल खा, नाहीतर नुसती हवा खा."

"हे पाहिलंत की ऐकलंत?"

"ऐकलं होतं कॉलेजात," मुकादम म्हणाले. "आत्ता पाहिलं. तुमचं पाऊल परत यायला विसरत होतं."

बाई खुर्चीवरून उतरल्या, साडी सारखी केली आणि म्हणाल्या, "आता तुम्ही मला औषध देऊ शकता."

मुंबईत नळीने श्वास घेऊन करायची एक तपासणी होती. तिच्यातही शरीराचा वेग फार कमी निघाला. पण मोठ्या डॉक्टरांनी मुकादमांना बजावलं. थायरॉइड मंद आहे, हे अशा हृदयाला बरंच आहे. काही ठिकाणी तर हृदयासाठी ती ग्रंथी मुद्दाम मंद करतात. गोळी दिलीत तर हे हृदय धावायला लागेल आणि धावता धावता बंद पडेल.

मुकादमांनी हे सगळं बाईंना जसंच्या तसं सांगितलं. मला त्यांचं ते करणं फार आवडलं. "त्यांचं भय खोटं नाही," ते म्हणाले. "छातीत दुखणं वाढू शकतं. मी अगदी चतकोर गोळीपासून सुरू करीन. तरी जोखीम आहे. विचार करा."

"गोळी न घेता काय होईल?"

"वाहिन्या भरत जातील. आणि तुम्ही मंद होत जाल."

"म्हणजे बाकावर बसून मरायचं की फळ्यापाशी, एवढंच ठरवायचंय." मग त्यांना काहीतरी आठवलं. "ही गोळी कशाची करतात?"

"जनावराच्या ग्रंथीची."

"कुठल्या जनावराच्या?"

मुकादम हसले. "बाई, हा सवाल मीच आधी कंपनीला विचारून ठेवलाय. मेंढीची आहे, डुकराची नाही. आपल्या दोघांनाही चालते."

गोळी सुरू झाली. बाईंनी पथ्य मात्र सोडलं नाही. दीनाबाई म्हणाल्या, आता तर तेलाचा दोष नाही ना, थोडं खा. बाई म्हणाल्या, "दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कळणार कसं? मुलांना हे शिकवते आणि स्वतः बोंबील तळून खाऊ?" हिवाळाभर त्या खळ खात राहिल्या. आणि हळूहळू, रोज बघणाऱ्याला कळणार नाही इतकं हळू, चेहऱ्याची सूज उतरू लागली. वाक्यं लवकर संपू लागली.

जानेवारीत गोळी थोडी वाढवली आणि तीनचार दिवसांनी, मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत बाईंचा चेहरा एकदम पांढरा पडला. त्यांनी छातीतल्या कळेवरची गोळी स्वतःच काढून जिभेखाली ठेवली आणि टेबलाला धरून बसून राहिल्या. हेडमास्तर दारात उभे होते. "बाई, पुरे झालं आता," ते म्हणाले आणि पाणी आणायला धावले. मी मुकादमांना घेऊन आलो. तोवर दुखणं ओसरलं होतं.

"बंद करू या," मुकादम म्हणाले. ते बाईंपेक्षा जास्त घाबरले होते.

"मागचा डोस होता, तेव्हा दुखत नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मग तिथे परत जाऊ. एक पायरी खाली उतरायचं, डॉक्टर. जिना सोडायचा नाही."

मुकादम एक पायरी खाली उतरले. तिथे दीडेक महिना थांबून पुन्हा चढले, अर्ध्या अर्ध्या पायरीने. या वेळी हृदयाने तक्रार केली नाही.

एप्रिलमध्ये रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल खूप खाली आलं होतं. खाणं तेच होतं, बदललं होतं ते एवढंच की गळ्यातल्या ग्रंथीचं काम गोळी करत होती. मुंबईचे डॉक्टर बराच वेळ ते आकडे बघत राहिले. ‘चोरून खाता’ हे शब्द त्यांनी मागे घेतले नाहीत. "शिकवायला जाऊ शकता," ते म्हणाले, "पण स्वतःच्या जबाबदारीवर."

"आजवर कोणाच्या जबाबदारीवर जगत होते?" बाई म्हणाल्या आणि उठल्या.

त्या दिवशी पनवेलला उतरल्यावर बाजारातून करंजा बंदरातून आलेले ताजे बोंबील घेतले. दीनाबाईंनी तव्यावर तेल सोडलं, तेव्हा तो चुरचुर आवाज दोघी बहिणी कान देऊन ऐकत होत्या. मुकादमांनाही जेवायला बोलावलं होतं. ते म्हणाले, "बाई, तेल अगदी निर्दोष सुटलं असं समजू नका. एकटं गुन्हेगार नव्हतं, इतकंच. थोडं खा."

"थोडंच खातेय," बाई म्हणाल्या आणि तिसरा बोंबील घेतला.

जूनमध्ये शाळा उघडली. वरचे तास त्यांना परत मिळाले, मी खाली गेलो. हृदयाचा आजार बरा झाला होता असं नाही. वाहिन्या अरुंद त्या अरुंदच होत्या, जिन्यात थांबावं लागतच होतं. पण आता त्यांनी होड्या मोजण्याचं सोंग सोडलं. शिपायाकडून जिन्याच्या मधल्या चौकात एक स्टूल ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी हेडमास्तर म्हणाले, "बाई, जिन्यात स्टूल बरं दिसत नाही."

"मग मी उभी राहून पडले तर बरं दिसेल?"

स्टूल राहिलं. बाई तिथे बसून दम खात आणि वरखाली जाणाऱ्या मुलांना अडवून प्रश्न विचारत. मुलं दुसऱ्या जिन्याने जायला लागली असती, पण शाळेला दुसरा जिना नव्हता.

स्वेटर दीनाबाईंनी उसवून त्याच्या लोकरीचं खुर्चीवरचं आसन केलं. आणि बाईंना उकडायला लागलं. इतरांना उकाड्याचा त्रास व्हायचा, बाईंना त्याचा अभिमान होता. पदराने वारा घेत त्या कोणालाही थांबवून सांगत, "काय उकडतंय नाही?" एरवी तक्रार न करणारी ही बाई उकाड्याची तक्रार मात्र अगदी चवीने करायची.

पुढे कितीतरी वर्षं त्या शिकवत राहिल्या. दीनाबाई नातेवाइकांबरोबर इस्रायलला गेल्या, तेव्हा बाईंनाही न्यायला निघाले होते. बाई म्हणाल्या, "मार्चात माझ्या पोरांची परीक्षा आहे," आणि राहिल्या. निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना, एका दिवाळीच्या सुट्टीत, त्या हृदयाच्या झटक्याने गेल्या. मातीला सगळं गाव होतं. परतताना माझ्या मागे कोणीतरी म्हणालं, "शेवटी तेलानेच घेतलं."

मी वळलो. "पाहिलंत की ऐकलंत?" मी विचारलं. मुकादम माझ्या शेजारून चालत होते. त्यांनी फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते त्या सुट्टीच्या आदल्या दिवशी. शाळा सुटली होती, मुलं निघून गेली होती. ऑक्टोबरचं ऊन अजून उतरलं नव्हतं. बाई जिन्यातल्या स्टुलावर बसल्या होत्या, अर्ध्या वाटेवर, बोटांना खडू तसाच. मी वरच्या खोल्या बंद करायला चाललो होतो.

"म्हात्रे," त्या म्हणाल्या, "ती खिडकी उघड. उकडतंय."

मी खिडकी उघडली. खाडीचा वारा आत आला. बाईंनी पदर सैल केला, एकदा बंदराकडे पाहिलं, आणि उरलेला जिना चढायला उठल्या. वर्गात फळा पुसायचा राहिला होता.